प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला अर्थपंडित

परकीय चलनांच्या बाजारात पैसा लावणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. भाव ज्या दिशेने चालला असेल त्याच दिशेने आपणही चालावे, चढते चलन घ्यावे आणि पडते विकावे, असे मानणारा पहिला पंथ. भाव आपल्या वाजवी पातळीपासून दूर गेला की केव्हा ना केव्हा तो परत फिरणारच. म्हणून गर्दी विकत असताना घ्यावे आणि गर्दी घेत असताना विकावे, असे मानणारा दुसरा. पहिल्या पंथाला विचारवंतांनी नेहमीच थोडे हिणवले आहे. मेंढरांच्या कळपामागून जाण्यात कसली आली बुद्धी, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या पंथात मात्र स्वतंत्र बुद्धीचे समाधान आहे. हे समाधान किती महाग पडू शकते याचे बोलके उदाहरण शोधायचे, तर विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या चरित्राकडेच वळावे लागते.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे झाला. वडील जॉन नेव्हिल केन्स हे तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे जाणकार; आई फ्लॉरेन्स यांनी पुढे केंब्रिजचे महापौरपद भूषविले. ईटन आणि किंग्ज कॉलेज अशा नामांकित संस्थांत शिक्षण घेऊन, गणितातील पदवी पदरात पाडून केन्स १९०६ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षेस बसले. दुसरा क्रमांक आला, आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात त्यांची नेमणूक झाली. एअरशायर जातीचे दहा तरुण वळू मुंबईस रवाना करण्याची व्यवस्था हे त्यांच्यावर सोपविलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते. हिंदुस्थानात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही. पण हिंदुस्थानच्या चलनाचा अभ्यास त्यांनी याच कचेरीत आरंभिला. दोन वर्षांत नोकरी सोडून ते केंब्रिजला अध्यापनासाठी परतले, आणि १९१३ मध्ये हिंदी चलन व अर्थव्यवहार या विषयावरचे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. देशात रुपया चालावा, परदेशी देण्यांसाठी मात्र सरकारने तो सोन्याशी ठरलेल्या दराने बांधून ठेवावा, या सुवर्ण विनिमय पद्धतीचे त्यांनी त्यात समर्थन केले. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधग्रंथात या मताचा खरपूस समाचार घेतला. चलनाचे व्यवस्थापन सरकारी मर्जीवर सोपविणे हाच या पद्धतीतील मूळ दोष आहे, असा त्यांचा रोख होता. शहाण्या माणसांच्या हाती चलनाची सूत्रे सुरक्षित राहतात, हा केन्स यांचा विश्वास आंबेडकरांना मान्य नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात केन्स ब्रिटिश अर्थखात्यात होते. युद्धाचा परदेशी खर्च कसा भागवायचा, डॉलर कोठून आणायचे, ही चिंता त्यांच्याच विभागाची. १९१९ च्या पॅरिस परिषदेत ते अर्थखात्याचे प्रतिनिधी म्हणून गेले. पराभूत जर्मनीवर लादल्या जाणाऱ्या खंडणीवजा नुकसानभरपाईने व्यथित होऊन त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टीकाग्रंथाने त्यांना जगभर नाव मिळवून दिले. तहातील अटी युरोपला भिकेस लावतील आणि युरोपीय चलनांची धूळधाण होईल, असा त्या ग्रंथाचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष त्यांनी केवळ लिहून सोडला नाही. त्यावर स्वतःचा पैसा लावला.

त्यासाठी लागणारा बाजारही नुकताच उदयास आला होता. युद्धापूर्वी प्रमुख चलने सोन्याला बांधलेली असल्याने त्यांच्या परस्परदरांत सट्ट्याला वाव असा नव्हता. युद्धकाळात पौंडाचा दर सरकारने कृत्रिमरीत्या टेकू देऊन धरला होता. मार्च १९१९ मध्ये तो टेकू काढून घेण्यात आला. ४.८६ डॉलर हा पौंडाचा जुना भाव. १९२० च्या आरंभी तो ३.५० च्याही खाली आला. फ्रँक, लिरा आणि मार्क यांची अवस्था त्याहून वाईट होती. लंडनमध्ये चलनांचे वायदे होऊ लागले. महिन्या-दोन महिन्यांनी अमुक इतके फ्रँक ठरल्या दराने देईन असा करार करावा, मुदत भरेपर्यंत फ्रँक घसरला तर तो स्वस्तात घेऊन करार पुरा करावा आणि मधला फरक खिशात टाकावा. त्यासाठी सगळी रक्कम जवळ असण्याची गरज नव्हती. दलालाकडे सुरुवातीची अनामत ठेवली की भागत असे. मोठे व्यवहार छोट्या भांडवलावर करण्याची ही सोयच पुढे गळफास ठरली.

ऑगस्ट १९१९ मध्ये केन्स यांनी या बाजारात प्रवेश केला. वर्ष सरताना त्यांचा नफा सहा हजार पौंडांच्या घरात गेला होता. जानेवारी १९२० मध्ये अर्थखात्यातील जुने सहकारी आणि आता दलालपेढीत असलेले ऑस्वाल्ड फॉक यांच्याबरोबर त्यांनी ३० हजार पौंडांची एक मंडळी उभारली. केन्स यांच्या वाट्याच्या भांडवलात त्यांच्या आप्तेष्टांचा आणि चित्रकार-लेखक मित्रांचा पैसा होता. मंडळीने डॉलर, नॉर्वे व डेन्मार्कचे क्रोनर आणि हिंदी रुपया घेऊन ठेवले. फ्रँक, लिरा, मार्क आणि डच गिल्डर यांची वायद्याने विक्री केली. एका वाक्यात सांगायचे तर डॉलर बळावेल आणि युरोपची चलने बुडतील, असा हा डाव होता.

आरंभी केन्स यांचे अनुमान आणि बाजाराचा प्रवाह एकाच दिशेला होते, त्यामुळे आपला नफा कशामुळे होतो आहे हा प्रश्न उद्भवलाच नाही. बुद्धीची कसोटी लागते ती प्रवाह फिरतो तेव्हा. त्या वसंतात केन्स मित्रांसह इटलीच्या सहलीला गेले. लिरा घसरता राहणार या खात्रीने मंडळींनी तेथे खरेदीही सढळ हाताने केली. इकडे युरोपची चलने सावरू लागली होती. फेब्रुवारीत एका डॉलरला शंभराच्या आसपास मार्क पडत; जूनपर्यंत हा आकडा चाळिसाच्याही खाली आला. जर्मनीचे दारिद्र्य संपले होते असे नाही, तहाच्या अटी सौम्य झाल्या होत्या असेही नाही. पण बाजारात आशेची एक लाट आली, आणि तिने काही आठवडे सारी गणिते उलटी केली. आपल्या निदानात चूक सापडत नसल्याने केन्स जागचे हलले नाहीत. पहिल्या पंथाचा एखादा सामान्य सटोडिया मार्क चढू लागताच आपली विक्री उरकून मोकळा झाला असता. त्याला जर्मनीविषयी काही ठाऊक नसते हेच त्याच्या पथ्यावर पडले असते.

मेच्या अखेरीस अनामत संपली. दलालांनी आणखी पैसा मागितला, तो नव्हता. मंडळीचे व्यवहार ऐन प्रतिकूल भावाने मिटवावे लागले. भांडवल गेले आणि वर देणे उरले. सर अर्नेस्ट कॅसल या धनाढ्य पेढीवाल्याकडून पाच हजार पौंडांचे कर्ज आणि मॅकमिलन प्रकाशनाकडून आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या मानधनापोटी दीड हजारांची उचल, यांच्या आधारावर केन्स दिवाळखोरीतून कसेबसे वाचले. युरोपच्या अर्थकारणावर जगाला चार गोष्टी सुनावणारा पंडित त्याच युरोपच्या चलनांपायी कफल्लक झाला, हे त्या ग्रंथाच्या वाचकांना तेव्हा कळते तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि तरीही त्यांचे निदान खरे ठरले. त्या उन्हाळ्यानंतर मार्क पुन्हा कोसळू लागला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरची किंमत ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर जाऊन पोहोचली. केन्स यांच्यापाशी आणखी काही महिने तग धरण्याइतके भांडवल असते तर ते गडगंज झाले असते. बाजाराचा वेडेपणा माणसाच्या पतीपेक्षा जास्त काळ टिकू शकतो, या आशयाचे एक वचन त्यांच्या नावावर सर्रास खपविले जाते. त्यांच्या लेखनात ते आढळत नाही. पण त्यातील सत्य त्यांनी मे १९२० मध्ये रोख मोजून विकत घेतले होते.

रुपयाची कथा याहून निराळी आणि आपल्याला अधिक जवळची. रुपयाची हुंडणावळ युद्धापूर्वी १ शिलिंग ४ पेन्स होती. चांदी महागल्याने ती वाढत गेली, आणि बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या शिफारशीवरून सरकारने फेब्रुवारी १९२० मध्ये रुपयाचा दर सोन्याच्या हिशेबाने २ शिलिंग ठरविला. समितीतील एकमेव हिंदी सदस्य, मुंबईचे दादीबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुनाच दर ठेवण्याचा आग्रह धरला होता. त्यांचे ऐकले गेले नाही. चढत्या भावाच्या टोकावर उभे राहून तो कायमचा मानण्याची चूक सरकारने केली. प्रवाह फिरला तेव्हा रुपया सावरण्यासाठी सरकारने लंडनवरील हुंड्या विकण्याचा सपाटा लावला; सप्टेंबरपर्यंत ५ कोटी ५० लाख पौंडांच्या घरात विक्री होऊनही दर टिकला नाही, आणि १९२१ च्या आरंभी रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली गेला. केन्स बुडाले ते स्वतःच्या आणि स्नेह्यांच्या पैशाने; सरकार चुकले तेव्हा तोशीस हिंदी तिजोरीला आणि निर्यातदारांना लागली.

केन्स खचले नाहीत. मित्रांच्या बुडालेल्या पैशाची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. पण ते देणे त्यांनी नैतिक मानले. पुन्हा बाजारात उतरून, त्याच मतांवर पण अधिक बेताने व्यवहार करीत, १९२२ अखेर त्यांनी ती देणी फेडली आणि स्वतःपाशी सुमारे २१ हजार पौंड जमविले. या अनुभवाचे पडसाद त्यांच्या विचारातही उमटले. चलनसुधारणेवरील १९२३ च्या ग्रंथात त्यांनी चलनांच्या वायदेभावाची उपपत्ती मांडली. दोन देशांतील व्याजदरांत जेवढा फरक, तेवढाच चलनाच्या रोखीच्या आणि वायद्याच्या भावात साधारणतः पडतो, हा त्यातील सिद्धांत आजही प्रत्येक पेढीत वापरला जातो.

मार्कच्या घसरणीत कोण बुडाले याचाही त्यांनी १९२२ मध्ये ऊहापोह केला. मार्क इतका स्वस्त झाला आहे, आता तो चढणारच, या भाबड्या श्रद्धेने देशोदेशीच्या लोकांनी मार्क घेतले होते. त्यांत बँकवाले होते तसे किरकोळ बचत करणारेही होते. प्रत्येक घसरणीला त्यांनी संधी मानले, आणि अखेर हाती कागद उरला. हेही प्रवाहाविरुद्धचेच साहस. फरक इतकाच की केन्स यांच्यापाशी निदान होते, यांच्यापाशी केवळ जुन्या भावाची आठवण होती.

यावरून प्रवाहपतितांचाच जय होतो असा निष्कर्ष कोणी काढील, तर फ्रँकची कहाणी त्याला सावध करील. १९२४ च्या प्रारंभी फ्रँक घसरत असता सट्टेवाल्यांनी, विशेषतः व्हिएन्नाच्या पेढ्यांनी, तो आणखी पडेल म्हणून बेसुमार विक्री केली. मार्चमध्ये पौंडाला सुमारे १२० फ्रँक असा भाव होता. त्याच वेळी फ्रेंच सरकारने मॉर्गन पेढीकडून १० कोटी डॉलरांचे कर्ज मिळवून बाजारात हस्तक्षेप केला, आणि काही आठवड्यांत फ्रँकचे मूल्य जवळजवळ दुप्पट झाले. व्हिएन्नातील कित्येकांचे दिवाळे वाजले. १९२६ मध्ये हेच नाटक पुन्हा झाले. जुलैत पौंडाला २४० च्या आसपास गेलेला फ्रँक पॉइन्कारे सत्तेवर येताच उलटला आणि वर्षअखेर १२० च्या सुमारास आला. प्रवाहामागून जाणारा वर्षभर थोडे थोडे कमावतो आणि एखाद्या वळणावर बरेचसे घालवून बसतो. ते वळण कोणत्या तारखेला येणार हे मंत्रिमंडळाच्या एखाद्या बैठकीवर ठरते.

पुढे केन्स यांनी आपले लक्ष मालाच्या आणि शेअरांच्या बाजाराकडे वळविले. अर्थव्यवस्थेच्या तेजी-मंदीच्या लाटा ओळखून त्यांवर स्वार व्हायचे, हा त्यांचा या काळातील मार्ग. तोही फसला. १९२८ मध्ये रबर, गहू, कापूस आणि कथील यांच्या तेजीवर लावलेला पैसा बुडाला. १९२७ अखेर ४४ हजार पौंडांवर असलेली मालमत्ता दोन वर्षांत आठ हजारांच्या आत आली. किंग्ज कॉलेजच्या निधीची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती, आणि १९२९ च्या पडझडीची चाहूल त्यांना आधी लागली नव्हती. यानंतर त्यांनी लाटांचा नाद सोडला. नीट पारखलेल्या थोड्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे, आणि भाव पडले तरी धीर धरून ते राखायचे, हा मार्ग त्यांनी पत्करला. महाविद्यालयाचा निधी त्यातून भरघोस वाढला. १९३६ च्या आपल्या मुख्य ग्रंथात त्यांनी शेअरबाजाराला वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली आहे. तेथे सर्वांत सुंदर चेहरा निवडायचा नसतो. इतरांना कोणता चेहरा सुंदर वाटेल याविषयी इतर काय तर्क करतील, हे ओळखायचे असते. या उपमेमागे वाचन कमी आणि पोळलेले हात अधिक होते.

चलनांचा नाद मात्र पुरता सुटला नाही. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी पुन्हा फ्रँक आणि गिल्डर यांच्याविरुद्ध व्यवहार केले. सोन्याला चिकटून राहिलेल्या या चलनांचे अवमूल्यन अटळ आहे, हे त्यांचे मत बरोबर होते. ते घडले सप्टेंबर १९३६ मध्ये, अपेक्षेपेक्षा कितीतरी उशिरा. ऑलिव्हिए अकोमिनोटी आणि डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकांनी केन्स यांच्या चलनव्यवहारांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. चढते चलन घ्यावे व पडते विकावे, किंवा जादा व्याजाचे चलन घ्यावे, असे ठोकळेबाज नियम १९२० नंतरच्या दशकात डोळे मिटून पाळले असते, तरी केन्स यांच्याहून सरस फायदा झाला असता. १९३० नंतरच्या दशकात मात्र नियमही फसले आणि केन्सही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शेअरांत धीर फळास आला आणि चलनांत तोच धीर घातक ठरला, याचे कारण दोहोंच्या प्रकृतीत आहे. कंपनी चांगली असेल तर ती दरवर्षी नफा मिळविते, लाभांश देते. वाट पाहणाऱ्याच्या पदरात काही तरी पडत राहते. चलनाला असा स्वतःचा नफा नसतो. त्याची वाजवी किंमत सरकारच्या धोरणावर, व्याजदरावर आणि लोकांच्या विश्वासावर ठरते, आणि या तिन्ही गोष्टी रातोरात बदलू शकतात. शिवाय केन्स यांनी शेअर राखले ते अनेक वर्षांच्या हिशेबाने, तर चलने विकली ती मुदतीच्या करारांनी आणि अनामतीवर. मुदत आणि उसना पैसा यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला आपले मत खरे होईपर्यंत थांबण्याची सवलतच नसते.

म्हणूनच जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ब्रिटिश शिष्टमंडळाचे नेतृत्व करताना, चलनांचे दर सटोडियांच्या लहरीवर सोडू नयेत आणि पिसाट भांडवलाच्या ये-जा करण्यावर सरकारांना बंधने घालता यावीत, असा आग्रह केन्स यांनी धरला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्याच परिषदेत भारतीय शिष्टमंडळात होते. ब्रिटनकडे अडकलेल्या भारताच्या पौंडशिलकीचा प्रश्न तेथे निघाला, तेव्हा हा दोन देशांनी आपसात मिटवायचा प्रश्न आहे, असे सांगून केन्स यांनी तो बाजूला सारला. मित्रांचे नैतिक देणे फेडणाऱ्या केन्स यांची ही दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २१ एप्रिल १९४६ रोजी ससेक्समधील आपल्या घरी ते निवर्तले. मागे ठेवलेली मालमत्ता ४ लाख ८० हजार पौंडांच्या घरातली होती.

त्यांनी उभारलेली स्थिर दरांची व्यवस्था १९७१ ते १९७३ या काळात मोडली. भाव बिघडविणारा सटोडिया स्वस्तात विकतो आणि महाग घेतो, म्हणून तो स्वतःच बुडून बाजारातून नाहीसा होतो. तेव्हा दर खुशाल मोकळे सोडावेत, असा युक्तिवाद मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्येच केला होता. केन्स यांचा १९२० चा अनुभव या युक्तिवादाला थेट छेद देतो. त्या मे महिन्यात बाजारातून बाहेर फेकला गेला तो बरोबर निदान करणारा. भाव बिघडविणारे मागे राहिले. बाजार चूक करणाऱ्याला शिक्षा देतो हे खरे, पण तो घाईने बरोबर ठरणाऱ्यालाही तीच शिक्षा देतो, आणि दोघांत भेद करीत नाही.

भारतात रुपयाचा दर १९९३ पासून बाजारात ठरू लागला, आणि २००८ पासून चलनांचे वायदे शेअरबाजारातही सुरू झाले. एकेकाळी केन्स आणि फॉक यांच्यासारख्यांपुरता असलेला हा खेळ त्यामुळे सामान्य पगारदाराच्याही आवाक्यात आला. प्रवाहाबरोबर जावे की विरुद्ध, या वादाचा कायमचा निकाल केन्स यांच्या चरित्रातून मिळत नाही, कारण तसा निकाल नाहीच. मिळते ते इतकेच, की दोन्ही मार्गांवर माणसे बुडाली ती मत चुकल्याने जितकी, त्याहून अधिक उसन्या पैशाने. जगातील उत्तमांतील एक बुद्धी, आतल्या गोटातील माहिती आणि श्रीमंत स्नेही एवढे सारे पाठीशी असूनही जो बाजार केन्स यांना चार महिन्यांत कफल्लक करू शकला, तेथे कर्जाऊ पैशाने उतरणाऱ्याने आधी आपल्यापाशी एखादा कॅसल आहे का, याचा विचार करावा.